दोन बोटं क्लचवर

माझ्या आत्याइतकी हळू मोटारसायकल चालवणारी बाई आमच्या गावात दुसरी नाही. बुवाही नाही. सायकलवरून पेपर टाकणारा तिला ओलांडून जातो. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून घायकुतीला येतात. आत्याच्या कपाळावर आठीसुद्धा उमटत नाही, कारण हळू जाण्यावरच तिचं पोट चालतं.

हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडं बघतो आणि मग हसतो, म्हणून नीट सांगते. जुन्या मोटारसायकलचं इंजिन खोलून त्यात नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या की ती गाडी लगेच पळवायची नसते. नवी चप्पल पायाला चावते तसे हे भाग एकमेकांना चावत असतात. घाई केली तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गॅरेजमध्ये म्हणतात, इंजिन धरलं. इंजिन धरलं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि वर बसलेला माणूस मात्र थांबत नाही. म्हणून सुरुवातीचे बरेच दिवस कुणीतरी ती गाडी लाडीगोडीनं चालवावी लागते. चढ आला की गिअर खाली घ्यायचा, एकाच वेगात फार वेळ राहायचं नाही, अर्ध्या वाटेत सावली बघून गाडी गार होऊ द्यायची. मालकांना एवढा दम नसतो. इंजिन नवं झालं की त्यांच्या अंगात वारं शिरतं. म्हणून गॅरेजवाले काका इंजिन बांधून झालं की गाडी आत्याच्या हवाली करतात, आणि तिनं "ने आता" म्हटल्याशिवाय ती मालकाला देत नाहीत. मोठमोठे हौशी लोक गॅरेजच्या बाकावर बसून तिच्या तोंडाकडं बघत असतात, ती काय म्हणते म्हणून.

गाडी चालवताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. इंजिन धरतंय असं वाटलं की त्याच क्षणी क्लच दाबायचा, म्हणजे इंजिन आणि चाक यांची सोबत सुटते आणि गाडी आपली घरंगळत जाते. उशीर झाला तर मग उपयोग नाही. ही सवय तिच्या हाताला इतकी भिनली आहे की ती चहाचा कप धरते तेव्हाही ती दोन बोटं बाहेर राहतात. लहानपणी रस्ता ओलांडताना ती माझा हात अंगठा आणि शेवटची दोन बोटं एवढ्यानंच धरायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आत्या असाच हात धरतात.

त्या काळात ती मधूनच एखाद्या संध्याकाळी दारात येऊन म्हणायची, "चल गं, फिरून येऊ." दर वेळी गाडी वेगळी. कधी काळी, कधी हिरवी, कधी पितळी अक्षरांची. आत्याकडं पुष्कळ गाड्या आहेत असं मी शाळेत बिनदिक्कत सांगून टाकलं होतं. एकदा असंच आम्ही निघालो होतो आणि मी मागं बसून तिला आमच्या बाईंची गोष्ट सांगत होते. इंजिनाच्या वरताण ओरडून बोलावं लागायचं. बोलता बोलता मला एकदम माझाच आवाज ऐकू यायला लागला. इंजिनाचा येईना. गाडी मात्र चालत होती, होडी पाण्यावर जाते तशी, आवाज न करता. धक्का नाही, हिसका नाही. मी अजून वाक्याच्या मध्यावर होते. आत्यानं गाडी हळूच कडेला घेतली, उतरली, इंजिनाजवळ तळहात नेला आणि म्हणाली, "पिस्टन जरा घट्ट झालाय. होईल मोकळा. तू सांग पुढं, बाईंनी मग काय केलं?"

मी पुढची गोष्ट सांगितली आणि ती हसलीसुद्धा. त्या दिवशी काय होऊ शकलं असतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेव्हा मी घरात एकटी असूनही उठून उभी राहिले. माझ्या तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत ही बाई आम्हा दोघींना वाचवून मोकळी झाली होती, आणि वर बाईंची चौकशी करत होती.

आणि त्या फेऱ्या कशासाठी होत्या, ते कळलं गॅरेजवाल्या काकांमुळं. ते एकदा हसत हसत मला म्हणाले, "अगं, तू तर आमची जुनी शेवटची फेरी."

"म्हणजे?"

"तुझी आत्या इंजिन सरावलं की शेवटची एक फेरी मारते. मागं आपलं माणूस बसवून. ते माणूस सुखरूप परत आणलं की मगच गाडी मालकाच्या ताब्यात. किती गाड्यांवर बसलीस तू, ठाऊक आहे का?"

माझं डोकं सणकलं. मी तडक आत्याकडं गेले. ती अंगणात प्लग घासत बसली होती.

"म्हणजे फिरायला नव्हतीस नेत मला. मी काय वजनाचं पोतं होते?"

"वजनाला विटाही चालल्या असत्या," प्लग उजेडात धरून ती म्हणाली.

"मग मीच कशाला?"

"एकटी असले की मी मनाची समजूत घालते. झालं असेल, जाऊ दे, मालक ताटकळलाय. मागं तू असलीस की माझा कान खोटं बोलत नाही."

चिडून गेले होते आणि ऊर भरून परत आले, हे मला अजिबात आवडलं नाही.

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, तिचा दादा. तिला "कासव" हे नाव त्यांनीच ठेवलं. ती आली की हे म्हणणार, "आलं का कासव? काल निघालं असेल घरून." आणि हसणार. आई त्यांच्याकडं डोळे वटारून बघणार. बाबांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. खुर्चीत बसले की तो पाय समोर काठीसारखा उभा राहतो आणि घरातले सगळे सवयीनं त्याला वळसा घालून जातात.

तो पाय असा झाला त्यांच्याच मोटारसायकलवर. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. गाडी जुनी, भारी, बाबांचा जीव की प्राण. तिचं इंजिन नवं करून घेतलं, आणि सगळ्यांनी बजावूनही दुसऱ्याच दिवशी हे पाण्याच्या टाकीचा चढ फुल्ल स्पीडनं चढायला गेले. आत्या तेव्हा गॅरेजमध्ये नुसती सुटे भाग धुण्याचं काम करायची. तिनं फाटकात उभं राहून सांगितलं होतं, "दादा, हळू." हे हसून गेले. टाकीजवळ इंजिन धरलं. त्यानंतर बाबा दोन चाकांवर कधी बसले नाहीत. ती गाडी खोक्यांत भरून आत्याच्या मागच्या खोलीत गेली. आणि आत्यानं गॅरेजवाल्या काकांना जाऊन सांगितलं की इथून पुढं बांधलेलं एकही इंजिन मी चालवल्याशिवाय बाहेर जाणार नाही. काका हसले असतील. पण तेव्हापासून आजपर्यंत गेलेलं नाही.

फक्त बाबांचं इंजिन तेवढं खोक्यात राहिलं.

तो विषय निघाला माझ्यामुळं. मी एका प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सकाळी लोक उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेले असतात, आणि उपाशी माणूस किती वाईट बोलतो हे मला विचारा. माझी स्कूटर म्हातारी होऊन बसली तेव्हा मोटारसायकल घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, बाबांची जुनी गाडी बांधू. काय तिची टाकी, काय तिचा आवाज असेल! बाबा भडकले. "भंगार आहे ते. शोरूममधून नवी घे. बटण दाबलं की चालू, ब्रेक दाबला तर चाक घसरत नाही, काही बिघडलं तर दिवा लागतो. आणखी काय पाहिजे?"

मला खात्री होती, आत्या माझी बाजू घेणार. ती म्हणाली, "दादा बरोबर बोलतोय. नवी घे."

"तू असं म्हणतेस?"

"जुनीला रोज विचारावं लागतं, कशी आहेस. प्लगचा रंग बघ, टॅपेट बघ, तेल बघ, आज थंडी आहे तर चोक किती. आवड असेल तर त्यासारखं सुख नाही. पण तुझी माणसं उपाशी बसलेली असतात. नवी आपणहून सांगते काय दुखतंय ते. तेल वेळेवर बदल, चेन कोरडी ठेवू नकोस, एअर फिल्टर झटक, ती तुला दगा द्यायची नाही."

झालं. मी नवी गाडी घेतली. आत्यानं तिच्यासोबतचं माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि तीही गाडी सरावून दिली, तशीच हळू, दोन बोटं क्लचवर. शोरूमचा माणूस म्हणाला, "मॅडम, हल्लीच्या इंजिनांना एवढं लागत नाही." आत्या म्हणाली, "नसेल. पण तिचेही पहिलेच दिवस आहेत ना." शेवटच्या फेरीला मागं मी होतेच.

ती फेरी झाल्यावर तिनं आमच्या अंगणात चहा घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की तिनं कप उजव्या हातात धरलाय. डावा हात मांडीवर होता आणि ती दोन बोटं आखडून आत वळली होती. मी बघतेय हे पाहून तिनं ती दुसऱ्या हातानं धरून सरळ केली. कट् असा आवाज आला.

"कधीपासून?"

"सकाळी होतं. गरम पाण्यात धरलं की सुटतात."

"आणि गाडीवर असताना अडकली तर?"

"म्हणून तर थांबतेय. काकांना सांगितलंय मी," ती म्हणाली. मग ती दोन बोटं चोळत म्हणाली, "एक इंजिन राहिलंय फक्त. ते करते. पण शेवटच्या फेरीला दादाला बसवल्याशिवाय ते झालं असं मी म्हणणार नाही."

तेव्हा मला कळलं की ही बाई इतकी वर्षं दुसऱ्यांची इंजिनं सरावत होती आणि स्वतःच्या भावाचं खोकं उघडायची हिंमत गोळा करत होती. आणि आता ती हिंमत पुरती गोळा व्हायच्या आतच तिची बोटं आखडायला लागली होती.

खोकी उघडली. जुना पिस्टन हातात घेतला तर त्याच्या अंगावर ओरखडे होते, नखांनी ओरबाडल्यासारखे. आत्यानं तो नुसता बघितला आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून नव्यानं कातून आणला, आतून धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग त्यात नवी रिंग सरकवली आणि मला म्हणाली, "खिडकीकडं धर. दुर्बिणीतून बघतात तसं बघ. रिंगेच्या कडेनं कुठून उजेड येतो का?"

मी डोळा लावला. आत बारीक आडव्यातिडव्या रेषांचं जाळं चमकत होतं, आणि त्या गोलाला रिंग अशी बिलगली होती की दोन्हींच्या मधून उजेडाचा केससुद्धा जात नव्हता. एवढा जड लोखंडी ठोकळा, आणि त्याच्या पोटात एवढं नाजूक काम! रोज नस शोधून सुई लावणाऱ्या मला स्वतःच्या हाताचा जरा अभिमान आहे. पण तेव्हा मात्र मी सिलिंडर खाली ठेवायला तयार नव्हते. आत्या म्हणाली, "दे आता. का घरी नेतेस?"

तिनं इंजिन बांधलं, आखडलेल्या बोटांनी, मध्ये मध्ये गरम पाण्यात हात बुडवून. किक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या किकला ते बोललं, आणि गॅरेजवाल्या काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मग नेहमीसारखं सुरू झालं. रोज थोडं, मग गार करायचं, मग पुन्हा थोडं. पहिलं तेल काढलं तेव्हा त्यात झिजलेल्या धातूची बारीक चमकी दिसत होती, पुढच्या वेळी कमी, त्याच्या पुढच्या वेळी नाहीच. इंजिनाचा आवाज कोरडा होता तो ओला झाला. मला दुसरा शब्द सुचत नाही. ऐकणाऱ्याला कळेल.

राहिली शेवटची फेरी. आत्यानं घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा हसले. "कासवाच्या पाठीवर बसू? या वयात? आणि या पायाचं काय करू, खांद्यावर घेऊ?" आत्या उठून गेली. बाबांनी टीव्ही लावला. माझा संताप संताप झाला. मी टीव्ही बंद केला.

"तिची बोटं गेलीत, बाबा. क्लचची. तुमच्यानंतर ती यापुढं एकही गाडी सरावणार नाहीये. तुम्ही पडलात म्हणून ती जन्मभर हळू चालली, आणि तुम्ही जन्मभर तिला हसलात!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. बाबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते आपल्या सरळ पायाकडं बघत होते. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला बोलल्याची लाज वाटली आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजवर होते. रिक्षा थांबली आणि आधी तो पाय बाहेर आला, मग बाबा. पायात बूट, दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या.

"बसतो मी," ते आत्याला म्हणाले. "पण माझा डावा हात तुझ्या हातावर राहील. क्लचवर. तुझ्या बोटांवर माझा भरवसा नाही."

"माझाही नाही," आत्या म्हणाली.

पायाचा प्रश्न होताच. आत्या आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आली. लोखंडी फूटरेस्ट होतं, पुढं लांबवलेलं, बाहेरच्या बाजूला कललेलं, न वाकणारा पाय सरळ टेकवता येईल असं. दोन बोल्टांनी ते गाडीला बसलं, जिथल्या तिथं. पण वेल्डिंग जुनं होतं, आणि फडकं तेल पिऊन पिऊन काळं पडलेलं. बाबांनी विचारलं, "हे कधी केलंस?"

"तू दवाखान्यातून घरी आलास तेव्हा."

बाबांनी त्या लोखंडावरून अंगठा फिरवला. कुठंही गंजाचा ठिपका नव्हता. इतकी वर्षं ती त्याला तेल लावत आली होती. मग काकांनी आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना मागं बसवलं. बाबा पुढं झुकले, आत्याच्या कमरेवरून डावा हात लांबवून त्यांनी तो तिच्या हातावर ठेवला. त्यांची हनुवटी तिच्या खांद्यावर आली. दोघं एकाच अंगरख्यात शिरल्यासारखी दिसत होती. आत्यानं किक मारली.

मी माझ्या नव्या गाडीवरून मागोमाग निघाले. त्यांच्यामागं राहायला मला पहिल्या गिअरमध्येच जावं लागत होतं. रिकामी पिशवी लटकवून घरी निघालेला पेपरवाला ओलांडून गेला आणि मागं वळून वळून बघत राहिला. बाजार गेला, शाळा गेली, आणि आत्यानं गाडी टाकीच्या चढाकडं वळवली. मला वाटलं, नको, आज नको! ओरडणारच होते. पण चढ नाही तर शेवटची फेरी कसली, हे मलाही ठाऊक होतं.

आत्यानं गिअर खाली घेतला. दोन माणसांचं वजन, दुपारचं ऊन, आणि ते इंजिन एकेक ठोका मोजत वर चढत होतं. टाकीच्या भिंतीपाशी ते पोचलं आणि एकदम मला माझ्याच इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. फक्त माझ्याच. पुढची गाडी मुकी झाली होती. पण चाक थांबलं नव्हतं. चाक फिरत होतं. गाडी सरळ रेषेत, होडीसारखी, आवाज न करता थोडी पुढं गेली, मग चढानं तिला थोपवलं आणि ती भिंतीच्या सावलीत उभी राहिली. आत्यानं पाय टेकला.

मी गाडी तिथंच टाकून धावले. बाबा पांढरेफटक पडले होते, डोळे मात्र टक्क उघडे. आत्या इंजिनाकडं कान लावून होती. गरम लोखंड गार होताना टिक् टिक् करत होतं.

"पिस्टनला एक जागा चावतेय," ती म्हणाली. "खोलून घासावी लागेल. म्हणजे पुन्हा एकदा बसावं लागेल, दादा."

"बसेन की," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "मला त्या दिवशी काही कळलंच नव्हतं. आवाज गेला आणि मी खालीच."

"कळत नाही कुणालाच. म्हणून बोटं ठेवायची."

"पण आत्ता क्लच कुणी दाबला?" मी विचारलं.

"हिनं," बाबा म्हणाले.

"दादानं," आत्या म्हणाली, त्याच वेळी.

मी दोघांच्या तोंडाकडं बघितलं. दोघंही खरं बोलत होती. मग मी खाली बघितलं. इंजिन बंद होतं, गाडी उभी होती, आणि दोघांनी मिळून तो क्लच अजून घट्ट दाबून धरला होता.